पेट ते व्हायवा: व्हिक्टोरिया राणीच्या काळावर मराठीत पीएच.डी. करताना

इंग्लंडच्या इतिहासाशी जोडलेला विषय, महाराष्ट्रातलं विद्यापीठ आणि प्रबंध मराठीत. हे जमतं का, असं विचारणारे फोन मला प्रवेश घेतल्यापासून येत होते. २०२५च्या सप्टेंबरात व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, झाल्यावर ते वाढले. जमतं. पण वेळ कुठे जातो, पैसे कुठे लागतात, कोणत्या दारात कोणता कागद दाखवावा लागतो, हे सगळं एका जागी लिहिलेलं मला कुठे सापडलं नव्हतं. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

आधी विषय सांगते. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन ही संस्था १८७४ साली निघाली. ब्रिटनमधल्या वैद्यकीय शाळा तेव्हा मुलींना घेत नव्हत्या. एडिंबरोत शिकू पाहणाऱ्या सात जणींना १८७०च्या नोव्हेंबरात परीक्षेला जाताना दंगलखोर जमावाने अडवलं होतं. त्या सातांपैकी एडिथ पीची १८८३ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे तिथल्या कामा हॉस्पिटल या स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. आपल्या रखमाबाई १८८९ साली लंडनला याच शाळेत शिकायला गेल्या. लहानपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला नकार दिल्यावरचा रखमाबाईंचा खटला सगळ्यांना ठाऊक असतो. खटला मिटल्यावर ही बाई परदेशात शरीरशास्त्र शिकली म्हणजे नेमकं कुठे बसली, फी किती भरली, परीक्षा कुणी घेतली, हे मात्र कुणी सांगत नाही. मला ते जाणून घ्यायचं होतं. त्या शाळेत शिकून किंवा शिकवून मुंबई इलाख्यात आलेल्या स्त्री डॉक्टर, १८८३ ते १९०१, असा विषय ठरला.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, २०१९ मध्ये दिली. खरी परीक्षा संशोधन समितीसमोरच्या मुलाखतीत झाली. पहिलाच प्रश्न आला, "आपल्याकडचे विषय संपले का?" मी कामा हॉस्पिटलचं नाव घेतलं. ते आजही सीएसएमटीजवळ चालू आहे आणि सुरू झालं १८८६ साली. पुढचा प्रश्न साधनांचा होता, आणि तिथेच बहुतेकांचे परकीय विषय अडकतात. मी चार पानी यादी नेली होती: कोणतं साधन मुंबईत, कोणतं लंडनमध्ये, कोणतं घरबसल्या मोफत. समितीने शीर्षकात "मुंबई इलाखा" हे शब्द आणि दोन्ही साल घालायला लावलं आणि विषय मंजूर केला. परकीय इतिहासाचा विषय घेऊन जाणाऱ्यांनी ही यादी नक्की करावी. विषय का महत्त्वाचा, यावर समिती वाद घालू शकते. साधनं कुठल्या कपाटात आहेत हे तुम्ही सांगू शकलात, तर वादाला फार जागा उरत नाही.

नोंदणी झाली आणि टाळेबंदी आली. कोर्सवर्क ऑनलाइन झालं, अभिलेखागारं बंद होती. त्या काळात मी जे मोफत वाचलं त्यावर प्रबंधाची दोन प्रकरणं उभी राहिली. ब्रिटिश मेडिकल जर्नलचे १८४० पासूनचे अंक पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या साइटवर सगळ्यांसाठी खुले आहेत. लंडनच्या वेलकम कलेक्शन या ग्रंथालयाने एकोणिसाव्या शतकातली हजारो वैद्यकीय पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून ठेवलेत, नोंदणीसुद्धा लागत नाही. पार्लमेंटमधल्या चर्चा हॅन्सार्डच्या साइटवर आहेत. लंडन गॅझेट हे ब्रिटिश सरकारचं राजपत्रही मोफत शोधता येतं. १८७६च्या ज्या कायद्याने परवाना देणाऱ्या मंडळांना स्त्रियांना परीक्षेला बसवण्याची मुभा मिळाली, त्याच्यावरची भाषणं मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचली. त्या कायद्यात "मुभा" आहे, "सक्ती" नाही, हे तेव्हा लक्षात आलं. पुढचं सगळं त्या एका फरकावर उभं आहे. कारण लंडनची ही शाळा स्वतः पदवी देत नव्हती. शिकायचं तिथे, रुग्णालयाचा अनुभव रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये घ्यायचा (तिथे १८७७ पासून मुलींना प्रवेश मिळाला), आणि परीक्षा द्यायची जिथे घेतील तिथे. कुणी डब्लिनला, कुणी स्कॉटलंडला, कुणी लंडन विद्यापीठात, कारण त्याने १८७८ मध्ये पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या. रखमाबाईंनी स्कॉटलंडचे परवाने घेतले आणि १८९४ साली ब्रसेल्सची एम.डी. म्हणजे एका बाईच्या शिक्षणाचा माग काढायला चार ठिकाणच्या नोंदी पाहाव्या लागतात. १८५८च्या वैद्यकीय कायद्यानंतर दरवर्षी छापलं जाणारं मेडिकल रजिस्टर हा त्यातला सर्वांत भरवशाचा धागा. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, पात्रता, सगळं एका ओळीत.

याच काळात पैशांचे हिशेब करायची पद्धत लावून घेतली. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, आणि फिया बहुतेक गिनीत, म्हणजे एकवीस शिलिंगांत. मुंबईचे आकडे रुपये-आणे-पैत. एक्सेलमध्ये हे जसंच्या तसं भरलं तर बेरीज चुकते. ब्रिटिश रकमा आधी पेन्समध्ये आणि आपल्या रकमा पैमध्ये करून घ्याव्यात, मूळ आकडा शेजारच्या रकान्यात ठेवावा. तसंच कायद्यांच्या तारखांचं. "३९ व ४० व्हिक्टोरिया" असं लिहिलेलं दिसलं की ते राणीच्या राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष असतं. राणी जून १८३७ मध्ये गादीवर आली, हे धरून हिशेब करता येतो.

मुंबईचं काम २०२१च्या अखेरीस सुरू झालं. महाराष्ट्र राज्य अभिलेखागार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. इमारत स्वतः व्हिक्टोरियन गॉथिक, १८८८ची, म्हणजे मी ज्या वर्षांच्या फायली मागत होते त्याच वर्षांत उभी राहिलेली. मार्गदर्शकांचं पत्र, ओळखपत्र आणि अर्ज एवढ्यावर परवानगी मिळते. छायाचित्रांसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते, ती पहिल्याच दिवशी मागून ठेवावी. मी डोंबिवलीला मावशीकडे राहायचे. दिवाळीची, नाताळची सुट्टी, जोडून आलेले शनिवार-रविवार, जे मिळेल ते. अभिलेखागार बंद असेल त्या दिवशी नोटा टाइप करायच्या.

स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचं प्रकरण तिथे जनरल डिपार्टमेंटच्या खंडांत विखुरलेलं आहे. आधी त्या त्या वर्षाची सूची काढायची, तिच्यातून खंड आणि संकलनाचा क्रमांक शोधायचा, मग चिठ्ठी भरायची आणि थांबायचं. काही खंड इतके कुरकुरीत झालेत की देत नाहीत, आणि ते न देणं योग्यच आहे. जे मिळतात त्यांत सुरुवातीला मी फक्त सरकारी ठराव वाचायचे, कारण ते सुवाच्य असतात. मग मार्गदर्शकांनी सांगितलं, ठराव शेवटी वाच. ठरावाच्या आधी जी टिपणं फिरतात, त्यांत कुणी काय हरकत घेतली हे दिसतं. छापील ठरावात सरकार एकमुखाने बोलतं. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदींत तीन-चार माणसं एकमेकांशी भांडत असतात. अमेरिकन व्यापारी जॉर्ज किटरेज आणि पारशी समाजातले सोराबजी शापूरजी बंगाली यांनी पारशी दानशूरांच्या मदतीने निधी उभा केला, सरकारने जागा आणि खर्चाचा वाटा द्यायचा, आणि हॉस्पिटलचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहायचा, ही अट कशी टिकली हे समजायला या टिपणांशिवाय दुसरा मार्ग नाही.

मोडीचा उल्लेख इथेच करते. मी पुराभिलेख खात्याचा मोडीचा वर्ग केला होता. या विषयात मोडी फारशी लागली नाही, पण लपेटी लिहिण्यातून अक्षर सोडवायची सवय लागली होती. इंग्रजी हस्ताक्षर वाचताना ती फार उपयोगी पडली. एका माणसाचं पत्र हाती आलं की आधी त्याचं "वळण" वहीत उतरवून घ्यायचं: हा "आर" असा काढतो, "एस"ची जोडी अशी, सही अशी. दोन तासांनी तो माणूस वाचता येऊ लागतो. पुढच्या वेळी त्याचं पत्र कोणत्याही फायलीत ओळखू येतं.

लंडनला जायचं २०२४च्या उन्हाळी सुट्टीत ठरलं. तयारी मात्र आदल्या वर्षभर चालली. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीय संशोधकांना ब्रिटनमधल्या छोट्या संशोधनभेटींसाठी अनुदान देतो. जी साधनं भारतात मिळत नाहीत ती पाहायला जाणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी ते फार मोलाचं आहे. अर्ज बराच आधी करावा लागतो. माझ्या अर्जात मी मोठमोठी विधानं टाळली आणि कोणत्या संस्थेत कोणत्या क्रमांकाची कागदपत्रं, प्रत्येकाला अंदाजे किती दिवस, असा तक्ताच दिला. अनुदान मिळालं. ते सगळ्या खर्चाला पुरणारं नव्हतं, उरलेलं साठवणीतून घातलं. इतिहास अनुसंधान परिषदेचीही परदेश प्रवासासाठी मदत असते, पण दोन्हींच्या तारखा जुळवणं मला शक्य झालं नाही.

सर्वांत जास्त थकवलं ते ना-हरकत प्रमाणपत्राने. अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला परदेशी जायचं तर प्राचार्य, संस्था आणि वरची कार्यालयं अशी साखळी असते. सुट्टीच्या काळातला प्रवास असला तरी कागद लागतोच. माझी फाइल एका कार्यालयात महिनोन् महिने टेबलावरून टेबलावर फिरली. प्रत्येक फेरीला एक नवी त्रुटी निघायची, आणि ती आधीच्या पत्रात कधीच सांगितलेली नसायची. त्या दिवसांत रात्री झोप लागायची नाही. अनुदान मिळूनही जाता येणार नाही, असं वाटायचं. शेवटी मी प्रत्येक त्रुटीच्या पूर्ततेला आवक क्रमांक घ्यायला लागले आणि पुढच्या पत्रात मागचे सगळे क्रमांक तारखेसह लिहायला लागले. मग फाइल हलली. तुम्ही हे पहिल्या पत्रापासूनच करा. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.

व्हिसा त्यामानाने सरळ होता. सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाची फी तेव्हा ११५ पौंड होती, म्हणजे बारा हजारांच्या पुढे. ती बदलत असते, अर्ज करताना ताजी पाहा. सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, पगाराच्या पावत्या, अनुदानाचं पत्र, ना-हरकत, राहण्याच्या जागेचा पुरावा, आणि कोणती कागदपत्रं पाहायची आहेत त्याची एक पानभर यादी. एवढ्या मुक्कामाला क्षयरोगाची तपासणी लागत नाही. काही एजंट ती करायला सांगतात, पैसे घालवू नका. बोटांचे ठसे पुण्यात दिले. तीन आठवड्यांत पासपोर्ट परत आला. तिकीट पासष्ट हजारांच्या आसपास पडलं.

उत्तर लंडनमध्ये एका मराठी कुटुंबाकडे खोली मिळाली, महिन्याला सातशे पौंड, स्वयंपाकघर वापरायची मुभा. जागा निवडताना मी एकच पाहिलं, ब्रिटिश लायब्ररीजवळच्या किंग्ज क्रॉसला थेट बस. बसचं तिकीट तेव्हा पावणेदोन पौंड होतं, आणि तासाभरात बस बदलली तर पुन्हा पैसे नाहीत. ट्यूबपेक्षा वेळ जास्त जातो, पण महिन्याकाठी फरक मोठा पडतो. डबा रोज घरून न्यायचे. ब्रिटिश लायब्ररीच्या आवारात बसून खाता येतो, कुणी काही म्हणत नाही.

ब्रिटिश लायब्ररीत पोचले ते कठीण काळात. २०२३च्या ऑक्टोबरात तिच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला होता. मुख्य सूची जानेवारीत पुन्हा दिसू लागली, पण हस्तलिखितांची आणि अभिलेखांची सूची बंदच होती. मुंबईत बसून केलेली तयारी वाया जाते की काय, अशी धास्ती होती. ती वाया गेली नाही, कारण इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सच्या, म्हणजे भारताच्या कारभाराच्या तिथल्या सरकारी कागदपत्रांच्या, बऱ्याच नोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी या सूचीतही आहेत. तिथून मी क्रमांक आधीच उतरवून घेतले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आशिया-आफ्रिका वाचनकक्षात कागदी चिठ्ठी भरून खंड मागवले. रीडर पास मोफत मिळतो, पण पत्त्याचा पुरावा लागतो. पासपोर्टवरचा पत्ता चालतो की नाही याबद्दल निरनिराळं ऐकलं होतं, म्हणून बँकेचा इंग्रजी उतारा जवळ ठेवला.

या कक्षात मला सर्वांत उपयोगी पडले ते देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक गोषवारे. सरकारी अनुवादक मराठी-गुजराती पत्रांतले उतारे इंग्रजीत करून सरकारला देत. इंदुप्रकाश, केसरी, नेटिव्ह ओपिनियन स्त्री डॉक्टरांविषयी काय म्हणत होते ते त्यात दिसतं. पण ज्यांचे मूळ अंक पुण्या-मुंबईत मिळतात त्यांचे मूळ अंकच वाचावेत, हे माझं ठाम मत झालं आहे. अनुवादक सरकारला जे कळायला हवं ते निवडतो. डॉक्टरीणबाई कशा वागतात, पडद्यातल्या बायका दवाखान्यात का येत नाहीत, यावरचा वाचकांचा पत्रव्यवहार त्याच्या दृष्टीने फुटकळ असतो. माझ्या दृष्टीने तोच विषय होता.

ब्रिटिश लायब्ररीतून बाहेर पडून युस्टन रोडने चालत गेलं की काही मिनिटांवर युनिसन या कामगार संघटनेचं मुख्यालय लागतं. तिथली जुनी लाल विटांची इमारत म्हणजे एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी उभं केलेलं स्त्रियांचं रुग्णालय. आत एक छोटं मोफत प्रदर्शन आहे. गॅरेट अँडरसन १८८३ ते १९०३ या शाळेच्या डीन होत्या. शाळेची जागा हंटर स्ट्रीटवर, तीही चालत दहा मिनिटांवर. एका संध्याकाळी मी हे सगळं पायी फिरले. शाळा, रॉयल फ्रीची ग्रेज इन रोडवरची जुनी जागा आणि हे रुग्णालय. नकाशात पाहून कळत नाही, चालल्यावर कळतं, की या मुलींचं सगळं शिक्षण जेमतेम दीड मैलाच्या परिसरात होत होतं. बाकीचं लंडन वैद्यकीयदृष्ट्या त्यांना बंद होतं. तिसऱ्या प्रकरणाची मांडणी मी त्या संध्याकाळनंतर बदलली.

शाळेची कागदपत्रं क्लार्कनवेलमध्ये आहेत. मी गेले तेव्हा त्या संस्थेचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज होतं, आता द लंडन आर्काइव्ह्ज झालं आहे. सगळे दिवस उघडी नसते, म्हणून मी सोमवार ते गुरुवार इथे आणि शुक्रवार-शनिवार दुसरीकडे असा आठवडा बांधला. पेन आत नेता येत नाही, फक्त पेन्सिल. बॅग लॉकरमध्ये, वस्तू पारदर्शक पिशवीत. स्वतःच्या मोबाइलने फोटो काढायला दिवसाचं शुल्क असतं, त्यामुळे एक दिवस फक्त वाचायचं, कागदाच्या चिठ्ठ्यांनी पानं नोंदवायची आणि दुसऱ्या दिवशी शुल्क भरून सलग फोटो काढायचे.

इथला एक दिवस सविस्तर सांगावासा वाटतो. समितीच्या सभांच्या इतिवृत्ताचा जाड खंड फोमच्या पाचरींवर ठेवून दिला. चामड्याची बांधणी कोरडी पडून तिची तांबूस भुकटी होते, ती बोटांना लागते आणि पानावर डाग पडू शकतो. म्हणून खंड एकदा उघडला की आधी हात धुऊन यायचे, मग बांधणीला हात लावायचा नाही. पानं दाबून धरायला कापडी नळीत भरलेली वजनं असतात, लांबट आणि मऊ. अक्षर सुबक, शाई तपकिरी झालेली. पहिल्या दिवशी सगळं कंटाळवाणं वाटतं: हजर कोण, मागचं वृत्त मंजूर, देणी मंजूर, वर्गणी किती आली, कोणत्या व्याख्यात्याला किती मानधन. असली पानं उलटली की हळूहळू कळायला लागतं की ही शाळा पैशाच्या दृष्टीने किती काठावर चालत होती. वर्षानुवर्षं हा डोलारा मानद सचिव इझाबेल थॉर्न यांनी सांभाळला. एडिंबरोच्या सात जणींपैकी त्या एक. स्वतः डॉक्टर व्हायचं सोडून १८७७ ते १९०८ त्यांनी या शाळेची पत्रं लिहिली, हिशेब पाहिले. त्यांच्या हातचं काम पानोपानी वाचताना मला गलबलून आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही. इतिहासात नाव पहिल्या डॉक्टरांचं राहतं. पहिल्या डॉक्टरांना वर्गखोली मिळावी म्हणून जी भाड्याचा हिशेब ठेवते, तिच्यावर माझ्या प्रबंधात एक पूर्ण प्रकरण आहे. ते मूळ आराखड्यात नव्हतं.

क्यूला मी प्रामुख्याने जनगणनेसाठी गेले. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशन, तिथून दहा मिनिटं चालत. रविवार-सोमवार वाचनकक्ष बंद. मूळ कागद पाहायचे असतील तर रीडर्स तिकीट काढावं लागतं: नावाचा एक पुरावा, पत्त्याचा एक, आणि एक छोटं ऑनलाइन प्रशिक्षण. तिकीट मोफत. १८८१ आणि १८९१च्या जनगणनेच्या नोंदी ज्या वंशावळीच्या साइट्सवर पैसे भरून पाहाव्या लागतात, त्या इथल्या संगणकांवर फुकट पाहता येतात. हे ठाऊक असेल तर घरी वर्गणी भरावी लागत नाही. शाळेच्या आसपासच्या ब्लूम्सबरी भागातल्या गल्ल्यांतली भाड्याची घरं एकेक करून पाहिली. कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली "वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी" अशी नोंद दिसली की तिचं वय, जन्मस्थान, त्या घरात आणखी कोण राहत होतं हे सगळं मिळतं. भारतीय नावं शोधताना मात्र स्पेलिंगवर विसंबू नये. ज्याने ऐकलं त्याने लिहिलं. जन्मस्थानाच्या रकान्यात "ईस्ट इंडिज" किंवा "बॉम्बे" टाकून शोधणं जास्त फलदायी.

मुंबईत येणाऱ्या इंग्रज स्त्री डॉक्टरांच्या मागे सेवाभाव होता, हे खरंच आहे. पण या नोंदी एकत्र ठेवल्यावर दुसरी बाजूही ठळक दिसते. पात्रता मिळाल्यावर ब्रिटनमधल्या रुग्णालयांत त्यांना जागा मिळत नव्हत्या. शस्त्रक्रियेचा अनुभव, स्वतःच्या हाताखालचा वॉर्ड, प्रमुखपद हे त्यांना कामा हॉस्पिटलने दिलं. १८८५ मध्ये भारतातल्या स्त्रियांना वैद्यकीय मदत देण्यासाठी लेडी डफरिन निधी सुरू झाल्यावर अशा जागा देशभर वाढल्या. मुंबईच्या रुग्ण स्त्रियांनी, ज्या अनेकदा नावानिशी नोंदल्याही गेल्या नाहीत, ब्रिटिश स्त्रियांच्या वैद्यकीय पेशाला उभं राहायला जमीन दिली. माझ्या प्रबंधाचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मांडायला दोन्ही शहरांतली कागदपत्रं लागली.

परत आल्यावर लिखाणाला जी वेळ हवी होती ती महाविद्यालयाच्या कामांतून काढावी लागली. नॅकचं, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचं, वर्ष होतं. फोटो हजारोंच्या संख्येत होते. एक गोष्ट तिथेच रोज रात्री केली म्हणून निभावलं: प्रत्येक खंडासाठी वेगळा फोल्डर, नावात पूर्ण क्रमांक आणि तारीख, आणि प्रत्येक फोल्डरातला पहिला फोटो मागणीच्या चिठ्ठीचा. हे राहिलं तर तळटीप लिहिता येत नाही आणि त्या एका ओळीसाठी पुन्हा लंडन गाठणं कुणालाच परवडत नाही. दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल चुकवू नका, विलंब शुल्कापेक्षा त्याच्या मागचा पत्रव्यवहार जास्त त्रास देतो.

२०२५च्या जानेवारीत प्रबंध सादर केला. त्याआधी पूर्वसादरीकरण, सारांश, वाङ्मयचौर्य तपासणी. मराठी मजकुरासाठी तपासणी अहवाल मिळायला वेळ लागतो, म्हणून फाइल युनिकोडमध्ये असावी. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं प्रकरण असेल तर ते आधीच बदलून घ्या. छपाई आणि बांधणीला दहा हजारांच्या आत खर्च आला.

मग परीक्षकांची वाट. मराठी वाचणारा, राज्याबाहेरचा, आणि वसाहतकालीन वैद्यकाचा इतिहास जाणणारा परीक्षक मिळायला वेळ लागणार हे मार्गदर्शकांनी आधीच सांगितलं होतं. बडोदा, गोवा, हैदराबाद इकडच्या विद्यापीठांत असे अभ्यासक आहेत. त्यांची नावं सुचवण्याची पद्धत तुमच्या विद्यापीठात असेल तर मार्गदर्शकांशी लवकर बोला. अहवाल आले तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. दोन्ही अनुकूल होते, एकात मुंबईच्या देशी दाई आणि स्त्री डॉक्टर यांच्या संबंधावर आणखी लिहायला हवं होतं अशी सूचना होती. ती रास्त आहे.

व्हायवा दीड तास चालला. एका प्राध्यापकांनी विचारलं, रखमाबाईंनी भारतात येऊन सुरतेला आणि राजकोटला काम केलं, मुंबईत का नाही? मी कागदांवरून जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं आणि तिथे थांबले. वर्गात माझ्या महाविद्यालयातल्या सात-आठ मुली येऊन बसल्या होत्या. व्हायवा खुला असतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

अधिसूचना पंधरा दिवसांत निघाली, तिच्या आधारे सेवापुस्तकात नोंद करून घेता येते. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळतं. प्रबंधाची पीडीएफ शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढवायला विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यावी लागते. पुस्तक काढायचा विचार असेल तर काही काळ ती बंद ठेवायची मागणी करता येते, मी केली नाही. पुस्तकात अभिलेखागारांतली छायाचित्रं छापायची तर प्रत्येक संस्थेची स्वतंत्र परवानगी लागते आणि तिचं शुल्क प्रतींच्या संख्येवर ठरू शकतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती छोटी असते, हे अर्जात स्पष्ट लिहा. माझा अर्ज सध्या लंडनला गेलेला आहे.